छोटे रोम : ब्लाज नगरीची कथा

रोमानियाच्या नकाशावर ट्रान्सिल्व्हेनिया हा प्रांत कार्पेथियन पर्वताच्या कवेत वसलेला दिसतो. त्याच्या मध्यभागी, मोठी तर्नावा आणि छोटी तर्नावा या दोन नद्यांच्या संगमापाशी ब्लाज नावाचे एक गाव आहे. लोकवस्ती वीस हजारांच्या आत-बाहेर. भोवती द्राक्षमळ्यांच्या टेकड्या, मधून जाणारी आगगाडी, एक चौक, एक जुने कॅथेड्रल आणि काही शाळा. प्रवासी कंपन्यांच्या पुस्तिकांत या गावाला क्वचितच जागा मिळते. तरीही रोमानियन माणूस या गावाला ‘छोटे रोम’ म्हणतो. कवी मिहाई एमिनेस्कू पुढे रोमानियाचा राष्ट्रकवी म्हणून मान्यता पावला. सोळा वर्षांचा असताना, १८६६ साली, तो या गावी आला, आणि टेकडीवरून नगराचे दर्शन होताच त्याने टोपी काढून ‘छोट्या रोमा’ला मनापासून वंदन केले, अशी आठवण आजही सांगितली जाते.

एका खेडेवजा गावाला एवढी थोरवी का प्राप्त व्हावी? आम्हा कॅथलिक वाचकांच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर जिव्हाळ्याचे आहे. या गावाने आपली मातृभाषा, आपली उपासनापद्धती आणि रोमच्या परमपीठाशी असलेले ऐक्य या तीन गोष्टी एकत्र जपण्याचा प्रयत्न अडीचशेहून अधिक वर्षे केला आहे, आणि त्याची पुरेपूर किंमत मोजली आहे.

ऐक्याचा करार

रोमानियन ख्रिस्ती समाज परंपरेने पौर्वात्य, म्हणजे बिझंटाइन विधीचा. त्यांचे धर्मगुरू विवाहित असू शकत, मिस्साविधीला ते दिव्य लितुर्गी म्हणत, आणि देवळात वेदीपुढे पवित्र प्रतिमांची भिंत असे. आपल्याकडे हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. केरळातील सिरो-मलबार आणि सिरो-मलंकार या ख्रिस्तसभा आपापले पौर्वात्य विधी राखून पोपमहोदयांशी एकनिष्ठ आहेत. १९८८ साली सिरो-मलबार भाविकांसाठी कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हापासून महाराष्ट्रातील अनेक धर्मग्रामांना या शेजाऱ्यांचा परिचय आहे. ब्लाजची ख्रिस्तसभा याच प्रकारची. ती ‘ग्रीक कॅथलिक’ या नावाने ओळखली जाते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस ट्रान्सिल्व्हेनियावर हाब्सबुर्ग सम्राटांची सत्ता आली. त्या प्रांतात हंगेरियन सरदार, झेकलर आणि जर्मन वंशाचे सॅक्सन अशा तीन ‘राष्ट्रांना’ राजकीय हक्क होते. कॅथलिक, लूथरन, कॅल्विनपंथी आणि युनिटेरियन अशा चार धर्मपंथांना मान्यता होती. संख्येने अधिक असलेला रोमानियन समाज या दोन्ही याद्यांत कोठेच नव्हता. तो बहुतांशी भूदास होता, आणि त्याचा ऑर्थोडॉक्स धर्म केवळ ‘सहन’ केला जात असे. अशा वेळी येशूसंघीय धर्मगुरूंच्या मध्यस्थीने वाटाघाटी झाल्या, आणि १६९८ व १७०० साली बिशप आतानासिये आंगेल यांच्या नेतृत्वाखाली रोमानियन धर्मगुरूंच्या सभेने आल्बा यूलिया येथे रोमशी ऐक्य स्वीकारले. विधी, पंचांग आणि परंपरा कायम राहणार होत्या. सम्राट लिओपोल्ड यांच्या सनदांनी या ऐक्यात येणाऱ्यांना कॅथलिकांच्या बरोबरीचे हक्क देण्याचे वचन दिले.

या ऐक्यामागे श्रद्धा किती आणि राजकारण किती, असा प्रश्न इतिहासकार विचारतात, आणि तो विचारणे रास्तच आहे. व्हिएन्नाला आपल्या नव्या प्रांतात कॅथलिकांचे बळ हवे होते. गरीब रोमानियन धर्मगुरूंना भूदासाच्या ओझ्यातून सुटका हवी होती. परंतु ज्यांनी हे ऐक्य पुढे रक्ताने टिकवले त्यांच्यापुढे सनदा नव्हत्या, हक्क नव्हते, होता तो केवळ तुरुंग. एखाद्या गोष्टीचा आरंभ कशाने झाला यावरूनच तिचे मोल ठरवता येत नाही, हे ब्लाजच्या इतिहासातून ध्यानात येते.

बिशप मिकू यांचे स्वप्न

ब्लाज हे मूळचे लहानसे खेडे. १२७१ साली त्याचा प्रथम उल्लेख हेर्बोर्ड नावाच्या जमीनदाराचे गाव म्हणून येतो. पुढे त्याच्या ब्लासियस या मुलाच्या नावावरून गावाला आजचे नाव पडले. १७३७ साली बिशप इनोकेंतिये मिकू-क्लाइन यांनी आपले महागुरुपीठ फगराशहून येथे हलवले आणि गावाचे भाग्य पालटले. जुनी गढी बिशपांचे निवासस्थान झाली. आजही आर्चबिशपांचा वाडा तेथेच आहे.

मिकू हे शेतकरी कुटुंबात जन्मले होते. बिशपपदामुळे त्यांना ट्रान्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळात आसन मिळाले. एका रोमानियन माणसाने त्या सभेत बसावे हेच इतर सभासदांना खपत नव्हते. मिकू मात्र उठून बोलत राहिले. आमचा समाज या भूमीत सर्वांत जुना आहे, संख्येने मोठा आहे, करांचा भार तोच वाहतो, मग त्याला हक्क का नाहीत, असा त्यांचा रोखठोक सवाल असे. सम्राटाने लिहून दिलेले वचन पाळावे एवढीच त्यांची मागणी होती. अर्जामागून अर्ज व्हिएन्नाला गेले. वचन पाळले गेले नाही. १७४४ साली त्यांनी ब्लाजला धर्मसभा भरवली आणि तीत धर्मगुरूंबरोबर साध्या लोकांनाही बोलावले. त्यानंतर व्हिएन्नाने त्यांना चौकशीसाठी पाचारण केले. अटकेची चिन्हे दिसताच ते रोमला गेले आणि पुन्हा कधीही आपल्या गावी परतू शकले नाहीत. १७५१ साली त्यांना पदत्याग करावा लागला. १७६८ साली परक्या भूमीतच त्यांचा अंत झाला. आपली हाडे ब्लाजच्या मातीत विसावावीत ही त्यांची इच्छा तेव्हा अपुरीच राहिली.

त्यांनी पायाभरणी केलेले पवित्र त्रैक्याचे कॅथेड्रल ही नगरीची मुख्य खूण होय. बांधकामाची आखणी व्हिएन्नाच्या मार्टिनेल्ली घराण्यातील वास्तुकारांकडे होती. त्यामुळे या देवळाचा बाहेरचा घाट पाश्चात्त्य बरोक शैलीचा आहे. दर्शनी भागाचे दोन मनोरे नंतरचे, एकोणिसाव्या शतकातले. आत पाऊल टाकले की मात्र आपण पूर्वेकडे येतो. सोनेरी कोरीवकामाने मढलेली पवित्र प्रतिमांची उंच लाकडी भिंत वेदी आणि भाविक यांच्यामध्ये उभी आहे. तिच्यावरील प्रतिमांत श्तेफान तेनेत्स्की या चित्रकाराचा हात आहे. एकाच छपराखाली पूर्व आणि पश्चिम अशा नांदताना पाहिल्या म्हणजे या समाजाची सारी धर्मश्रद्धा दगड, लाकूड आणि रंग यांत उतरली आहे असे वाटते.

शाळा, पाव आणि पुस्तके

राजकीय हक्क मिळत नाहीत असे दिसल्यावर मिकू यांचे वारसदार बिशप पेत्रू पावेल आरोन यांनी दुसरी वाट धरली. ११ ऑक्टोबर १७५४ रोजी त्यांनी ब्लाज येथे शाळा उघडल्या. रोमानियन भाषेतून सर्वांना शिक्षण देणाऱ्या आद्य शाळांमध्ये त्यांची गणना होते. शिकवणी विनामूल्य होती. दूरच्या खेड्यांतून अनवाणी येणाऱ्या गरीब मुलांना बिशपांच्या शेतीच्या उत्पन्नातून रोज पाव दिला जाई. धर्मगुरूंची आणि शेतकऱ्यांची कित्येक मुले या पावावर शिकून मोठी झाली. स्वतः आरोन मठवासी होते, आणि वैराग्याने राहत.

गावात छापखानाही सुरू झाला. त्या काळी रोमानियन भाषा सिरिलिक लिपीत लिहिली जात असे आणि तिच्या लॅटिन मूळाची जाणीव फारच थोड्यांना होती. ब्लाजचे विद्यार्थी रोम आणि व्हिएन्ना येथे उच्च शिक्षणासाठी गेले, तेथील ग्रंथालयांत बसले, आणि आपली बोली रोमनांच्या भाषेची लेक आहे हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. सामुइल मिकू, ग्योर्गे शिंकाय आणि पेत्रू मायोर ही त्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन परंपरे’ची तीन अग्रगण्य नावे. सामुइल मिकू हे बिशप मिकूंचे पुतणे. १७७९ साली त्यांनी लॅटिन अक्षरांत रोमानियन प्रार्थनापुस्तक छापले, आणि पुढच्याच वर्षी शिंकाय यांच्या सहकार्याने रोमानियन व्याकरण प्रसिद्ध केले. १७९५ साली त्यांनी केलेला संपूर्ण बायबलचा अनुवाद ब्लाजच्या छापखान्यातून बाहेर पडला. ‘ब्लाजचे बायबल’ या नावाने तो रोमानियन गद्याचा एक मानदंड ठरला. भाषेच्या नव्या लिपीतले आद्य पुस्तक प्रार्थनेचे असावे, ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

शिंकाय यांची कहाणी मन हेलावणारी आहे. शाळांचे संचालक म्हणून त्यांनी खेडोपाडी फिरून शेकडो शाळा उभ्या केल्या, त्यांसाठी क्रमिक पुस्तके लिहिली. पुढे वरिष्ठांशी मतभेद होऊन त्यांची नोकरी गेली. आपल्या लोकांचा इतिहास त्यांनी आयुष्यभर खपून लिहिला, परंतु सरकारी तपासनिसाने तो छापू दिला नाही. ग्रंथ अग्नीला आणि ग्रंथकार फासाला योग्य आहे, असा शेरा त्यावर मारला गेल्याचे सांगतात. हस्तलिखितांची पोतडी पाठीवर टाकून फिरणारा हा विद्वान रोमानियन लोकांच्या आठवणीत अद्याप जिवंत आहे. पुढच्या पिढीत तिमोतेई चिपारिउ या धर्मगुरूंनी ब्लाजहून १८४७ साली लॅटिन लिपीतले रोमानियन वृत्तपत्र काढले, आणि त्या लिपीचा मार्ग मोकळा केला. ते पौर्वात्य भाषांचेही जाणकार होते, त्यांचा हस्तलिखितांचा संग्रह मोठा होता.

स्वातंत्र्याचे मैदान

गावाच्या कडेला एक विस्तीर्ण गवताळ माळ आहे. त्याचे नाव ‘स्वातंत्र्याचे मैदान’. १८४८ साली सारे युरोप क्रांतीच्या वाऱ्याने हादरत होते. १४ मे रोजी ब्लाजचे माजी प्राध्यापक सिमियोन बर्नुत्सिउ यांनी कॅथेड्रलमध्ये उभे राहून आपल्या समाजाच्या हक्कांची मांडणी केली. दुसऱ्या दिवशी या माळावर सुमारे ४०,००० लोक जमले. त्यांत बहुसंख्य शेतकरी होते. कित्येक जण दोन-दोन दिवस चालून आले होते. भूदासगिरी नष्ट व्हावी, रोमानियन समाजाला इतरांच्या बरोबरीचे स्थान मिळावे, त्यांच्या भाषेत शाळा असाव्यात, या मागण्या त्या सभेने केल्या.

आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते ती आणखी एक गोष्ट. त्या सभेच्या अध्यक्षस्थानी दोन बिशप शेजारी शेजारी होते : ग्रीक कॅथलिकांचे इओआन लेमेनी आणि ऑर्थोडॉक्सांचे आंद्रेई शागुना. दोन्ही ख्रिस्तसभांमधील पूर्वीचा इतिहास गोड नव्हता. १७६० नंतरच्या काही वर्षांत सम्राटाचे सेनापती बुकोव्ह यांनी ऐक्याला विरोध करणाऱ्यांचे कित्येक ऑर्थोडॉक्स मठ पाडले होते. आपल्या बाजूने बळाचा वापर झाला, हे कॅथलिकांनी विसरू नये. म्हणूनच त्या माळावर एकमेकांशेजारी बसलेल्या त्या दोन महागुरूंचे चित्र डोळ्यांपुढे आणावेसे वाटते. आज मैदानाच्या कडेला त्या लढ्यातील पुरुषांचे अर्धपुतळे उभे आहेत. गावाजवळच्या टेकडीवर लोकनायक आव्राम यांकू यांच्या नावाचा क्रूस आहे.

१८५३ साली पोप पायस नववे यांनी ब्लाजला आर्चबिशपांचे पीठ केले, आणि रोमानियन ग्रीक कॅथलिकांचा स्वतंत्र महाधर्मप्रांत उभा राहिला. पहिल्या महायुद्धानंतर, १ डिसेंबर १९१८ रोजी, ब्लाजपासून सुमारे ४० किलोमीटरवरील आल्बा यूलिया येथे ट्रान्सिल्व्हेनियाचे रोमानियाशी एकीकरण जाहीर झाले. जमलेल्या विराट जनसमुदायापुढे तो ठराव वाचून दाखवण्याचा मान एका तरुण ग्रीक कॅथलिक बिशपांना मिळाला. त्यांचे नाव यूलिउ होसू.

काळोखाची चार दशके

बरोबर तीस वर्षांनी, १ डिसेंबर १९४८ रोजी, त्याच होसूंची ख्रिस्तसभा रोमानियाच्या कम्युनिस्ट सरकारने एका हुकुमाने रद्द केली. सुमारे १५ लाख भाविकांना कागदावर एका रात्रीत ऑर्थोडॉक्स ठरवण्यात आले. त्याआधी ऑक्टोबर महिन्यात थोड्या धर्मगुरूंवर दडपण आणून त्यांच्याकडून ‘ऐक्य मोडल्याची’ घोषणा करवून घेतली होती. एकाही बिशपने त्या कागदावर सही केली नाही. ऑक्टोबर संपण्यापूर्वी सर्वांना अटक झाली. ब्लाजचे कॅथेड्रल, गुरुविद्यालय, शाळा, छापखाना, सर्व काही गेले. शतकानुशतके जमवलेले ग्रंथालय जप्त झाले. चिपारिउंचा संग्रह क्लुजला नेण्यात आला.

ब्लाजचा कारभार पाहणारे बिशप इओआन सुचिउ हे याच गावचे सुपुत्र. १९०७ साली येथेच त्यांचा जन्म झाला. तरुणांवर त्यांचा फार जीव होता आणि त्यांच्यासाठी ते सतत लिहीत, बोलत. बालपणापासून ओळखीच्या त्या रस्त्यांवरून त्यांना नेण्यात आले. उत्तरेकडील सिगेतच्या तुरुंगात २७ जून १९५३ रोजी भुकेने आणि आजाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या कबरीवर ना नाव, ना क्रूस. त्यांचे रोममधील सहाध्यायी तित लिविउ किनेझू यांना १९४९ साली कैदेतच गुप्तपणे बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. एकही दिवस त्यांना बिशप म्हणून मोकळेपणी सेवा करता आली नाही. १५ जानेवारी १९५५ रोजी त्याच सिगेतमध्ये त्यांनी देह ठेवला. वालेरिउ त्रायान फ्रेंत्सिउ हे वयोवृद्ध बिशप तेथेच १९५२ साली वारले. वासिले आफ्तेनिये छळाने खचून १९५० साली, इओआन बालान स्थानबद्धतेत १९५९ साली, आणि आलेक्सांद्रू रुसू गेर्लाच्या तुरुंगात १९६३ साली निवर्तले.

उरले यूलिउ होसू. देश सोडून रोमला या, तेथे कार्डिनलपद स्वीकारा, असा मार्ग त्यांच्यापुढे ठेवण्यात आला, तेव्हा आपल्या लोकांना सोडून जाण्यास त्यांनी नकार दिला. पोप पॉल सहावे यांनी १९६९ साली त्यांना कार्डिनल केले, पण ते नाव मनातच ठेवले. होसू १९७० साली बुखारेस्टमध्ये मरण पावले. १९७३ साली पोपमहोदयांनी नाव प्रकट केले, तेव्हा जगाला कळले की या मूक बंदिवानाच्या मस्तकी कार्डिनलांची लाल टोपी होती. या होसूंनी महायुद्धाच्या काळात उत्तर ट्रान्सिल्व्हेनियातील ज्यूंना वाचवण्यासाठी आपल्या भाविकांना आवाहन केले होते. २ जून २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी व्हॅटिकनमध्ये त्यांचे त्यासाठी कृतज्ञतेने स्मरण केले.

बिशप नाहीत, देऊळ नाही, नाव उच्चारायची सोय नाही. अशा स्थितीत ही ख्रिस्तसभा कोठे राहिली? ती घराघरांत राहिली. खिडक्या लावून माजघरात लितुर्गी होई. दिवसा मजुरी करणारे धर्मगुरू रात्री बाप्तिस्मा देत. आज्यांनी नातवंडांना प्रार्थना शिकवल्या. गुप्तपणे दीक्षित झालेले बिशप आलेक्सांद्रू तोद्या तेरा वर्षांचा तुरुंगवास सोसून १९६४ साली बाहेर आले आणि भूमिगत ख्रिस्तसभेचा धागा त्यांनी तुटू दिला नाही. पुढे १९९१ साली ते कार्डिनल झाले. आपल्याकडे घरोघरी होणाऱ्या रोझरीचे मोल आपणांस सवयीने जाणवेनासे होते. ब्लाजच्या चार दशकांवरून कौटुंबिक प्रार्थनेत केवढे सामर्थ्य असते याची कल्पना येते.

परतलेले दिवस

डिसेंबर १९८९ मध्ये हुकूमशाही कोसळली, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी १९४८ चा तो हुकूम रद्द झाला. ब्लाजच्या कॅथेड्रलमध्ये पुन्हा ग्रीक कॅथलिक लितुर्गी सुरू झाली. सर्वत्र मात्र असे झाले नाही. बरीच देवळे ऑर्थोडॉक्स समाजाच्या ताब्यातच राहिली, त्यावरून खटले आणि कडवटपणा वाढला. भाविकांची संख्याही पूर्वीच्या मानाने फार घटली. चाळीस वर्षांत जन्मलेल्या पिढ्या ऑर्थोडॉक्स देवळांतच वाढल्या होत्या, त्यांना ते घर आपलेच वाटे. छळाच्या जखमा कायद्याने भरून येत नाहीत, याचा हा प्रत्यय होता.

१९९७ साली रोमहून बिशप मिकूंच्या अस्थी ब्लाजला आणल्या गेल्या आणि त्यांच्याच कॅथेड्रलमध्ये विसावल्या. त्यांच्या निधनाला तेव्हा २२९ वर्षे झाली होती. मे १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे बुखारेस्टला आले. ऑर्थोडॉक्स बहुसंख्य देशाला पोपमहोदयांनी दिलेली ती पहिलीच भेट. जमावातून ‘ऐक्य, ऐक्य’ असा घोष झाला. २००५ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ब्लाजच्या आर्चबिशपांना मेजर आर्चबिशपांचा दर्जा दिला. त्या पदावरील पहिले आर्चबिशप लुचियान मुरेशान २०१२ साली कार्डिनल झाले, आणि २०२५ साली प्रभुचरणी विलीन झाले.

२ जून २०१९, रविवार. पोप फ्रान्सिस यांनी स्वातंत्र्याच्या मैदानावर दिव्य लितुर्गीत सातही बिशपांना धन्य घोषित केले. १८४८ साली शेतकरी जेथे उभे होते, तेथेच हजारो भाविक उभे होते. शुभवर्तमान जन्मांध मनुष्याला दृष्टी मिळाल्याचे होते. छळ करणाऱ्यांविषयी या बिशपांच्या मनात द्वेष नव्हता, याची पोपमहोदयांनी आवर्जून आठवण दिली. देवाने आपल्याला या अंधारात क्षमा करण्यासाठी आणि सर्वांच्या परिवर्तनासाठी प्रार्थना करण्यासाठी पाठवले आहे, अशा आशयाचे होसूंचे उद्गार त्यांनी सांगितले. त्याच दिवशी दुपारी ते गावातील रोमा, म्हणजे जिप्सी, वस्तीत गेले, आणि ख्रिस्ती लोकांनी त्या समाजाला जी तुच्छतेची वागणूक दिली तिच्याबद्दल ख्रिस्तसभेच्या वतीने क्षमा मागितली.

एकाच गावात, एकाच दिवशी, क्षमा करणाऱ्यांचा गौरव झाला आणि क्षमा मागितलीही गेली. ब्लाजच्या इतिहासाचे सार आम्हांला या दोन गोष्टींत दिसते. आपल्यावर झालेला अन्याय सांगणे प्रत्येक समाजाला सोपे जाते. आपल्या हातून झालेला अन्याय उच्चारणे कठीण जाते. मठ पाडणारे सेनापती आणि वस्तीबाहेर ठेवलेले रोमा यांची आठवण जपणारी ख्रिस्तसभाच आपल्या हुतात्म्यांची नावे निर्मळ मनाने घेऊ शकते.

आज ब्लाजच्या शाळांची घंटा होते, मुले चौकातून धावत जातात, कॅथेड्रलमध्ये रोमानियन भाषेतली स्तोत्रे घुमतात. हुला टेकडीवर एमिनेस्कूच्या नावाचे लिंडनचे झाड नगरीकडे पाहत उभे आहे. जेथे भुकेल्या मुलांना अक्षर आणि पाव एकाच हाताने दिले गेले, त्या गावाला ‘छोटे रोम’ हे नाव शोभून दिसते. सिगेतच्या बेनाम कबरींत विसावलेल्या त्या धन्य महागुरूंनी आपल्या घरांतील प्रार्थनेसाठी, आणि आपल्या भाषेतील प्रार्थनेसाठीही, परमेश्वराकडे विनवणी करावी.